वाटेचा परवाना आणि घराचा परवाना

खालापूर तालुक्यातील खोपोली हे गाव बोरघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. नाना फडणविसांनी तेथे बांधविलेले महादेवाचे मंदिर व तलाव आजही पाहावयास मिळतात. मुंबईहून पनवेलमार्गे पुण्यास जाणारा परकीय प्रवासी घाट चढण्यापूर्वी येथे विसावा घेई. अशा घाटवाटांवरील चौक्यांतून जाण्यासाठी जो कागद लागे, त्यास 'दस्तक' अथवा 'राहदारी' म्हणत. हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले आहेत. पहिल्यात 'दस्त' म्हणजे हात, तर दुसऱ्यात 'राह' म्हणजे वाट हा मूळ शब्द आहे. दोहोंचा संबंध येण्याजाण्याशी आहे, राहण्याशी नाही. वस्ती करू इच्छिणाऱ्यास मिळे तो 'कौल', आणि तो देणाऱ्याच्या अभयवचनावर अवलंबून असे.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. वाटेचा कागद प्रवाशाच्या हाती असतो. राहण्याच्या परवानगीची किल्ली मात्र बहुधा आश्रयदात्याच्या हाती असते. परक्या घरात अथवा परक्या संस्थेत राहून सेवा करणाऱ्यांचा इतिहास या दृष्टीने तपासणे उद्बोधक ठरेल.

प्रथम आयांचे उदाहरण घेऊ. 'आया' हा शब्द पोर्तुगीज 'आइया' (दाई) या शब्दापासून आलेला आहे. आपल्या 'आई' या शब्दाच्या अनेकवचनाशी त्याचे रूप जुळते, आणि त्यामुळे त्याचे परकेपण मराठी कानास सहसा जाणवत नाही. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला व कर्जत हे पुणे-मुंबई प्रवासातील घाटपायथ्याचे स्थानक बनले. घाटमाथ्यावरील इंग्रज कुटुंबे मायदेशी जाण्यासाठी मुंबई बंदराकडे निघत ती याच मार्गाने, आणि समुद्रप्रवासात मुलांना सांभाळण्यासाठी आयेस सोबत नेण्याची प्रथा होती. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेली स्त्री कायद्याने ब्रिटिश प्रजाजन असल्याने तिला इंग्लंडमध्ये निवासाचा परवाना लागत नसे. अर्थात कागदोपत्री ती मुक्त होती. परंतु तिच्या परतीचे तिकीट काढून देणे हे मालकाच्या मर्जीवर होते. नोकर नेणाऱ्यांकडून ईस्ट इंडिया कंपनी पूर्वी ठेव घेत असे, तीही त्याला परत आणण्याच्या हमीपोटी.

मालकाने हात झटकले की आयेस निवाराही उरत नसे. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये प्रथम ऑल्डगेट भागात 'आयाज होम' चालत असे. १९०० साली ते लंडन सिटी मिशनच्या व्यवस्थेखाली हॅकनीतील किंग एडवर्ड रोडवर आले. आयेजवळचे परतीचे तिकीट तेथील व्यवस्थापिका ताब्यात घेई व हिंदुस्थानास निघालेल्या एखाद्या कुटुंबास विकून त्या कुटुंबाबरोबर तिला परत पाठवी. १९०८ साली हिंदुस्थानातून नेलेल्या एका आयेस किंग्ज क्रॉस स्थानकावर सोडून देण्यात आल्याचे प्रकरण इंडिया ऑफिसपर्यंत गेले होते. राज्यसंस्थेने परवाना मागितला नव्हता, हे खरे. पण तिच्याविषयीची जबाबदारीही स्वीकारली नव्हती. ही घराची सत्ता होती, आणि तिला कायद्याची मर्यादा नव्हती.

उलट दिशेचे उदाहरण व्हेरियर एल्विन यांचे. १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. पुढे ते गांधीजींच्या निकट गेले. १९३२ साली इंग्लंडहून परतताना, राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून दिल्यावरच त्यांना हिंदुस्थानात येता आले. येथे परवाना घराशी नव्हे, तर मौनाशी बांधलेला होता.

युरोपमध्ये घरकामाच्या मोबदल्यात कुटुंबात राहणाऱ्या तरुणींस 'ओ पेअर' म्हणू लागले. या फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ 'बरोबरीने' असा होतो. २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे झालेल्या युरोपीय कराराने त्यांच्यासाठी वय १७ ते ३० वर्षे, काम दिवसास जास्तीत जास्त ५ तास, आठवड्यातून एक पूर्ण सुटी आणि मुक्काम अधिकाधिक दोन वर्षे अशा मर्यादा घातल्या. आयेस जे कधीच मिळाले नव्हते, ते येथे लेखी झाले. मात्र जेथे निवासाचा परवाना विशिष्ट यजमान कुटुंबाच्या नावाने दिला जातो, तेथे घर सुटले की देशही सुटण्याची पाळी येते. नावातील बरोबरी तेथेच संपते.

आपल्याकडील व्यवस्थाही याच वळणाची आहे. स्वयंसेवी संस्थेत मानद काम करण्यास येणाऱ्या परकीयास गृह मंत्रालयाच्या नियमांनुसार रोजगार-व्हिसा मिळू शकतो, व त्यावर संस्थेचे नाव आणि कामाचे ठिकाण नोंदविलेले असते. कर्जत तालुक्यातील एखाद्या कातकरी वाडीवर काम करण्यास आलेल्या तरुणास ती संस्था सोडून येथेच राहून दुसरी धरण्याची मुभा सामान्यतः नसते. १९२०, १९३९ व १९४६ चे जुने कायदे रद्द करून आलेला 'आप्रवास व परकीय नागरिक कायदा' १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आहे. परकीयाच्या वास्तव्याची माहिती देण्याची यजमानाची जबाबदारी त्यातही कायम आहे. राज्यास आपल्या भूमीवर कोण राहतो हे जाणण्याचा अधिकार आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो, राहण्याचा हक्क व एका यजमानाची मर्जी यांची गाठ बांधावी काय, एवढ्यापुरता.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येतो. परवान्याच्या अभावाने सेवकाचे रक्षण होत नाही, हे आयांच्या हकिगतीने दाखविले. केवळ परवान्याच्या अस्तित्वानेही ते होत नाही, हे त्यानंतरच्या व्यवस्थेने दाखविले. परवाना कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न होय. जुन्या दस्तकाचा एक गुण निवासाच्या परवान्यास लाभला पाहिजे: तो ज्याचा आहे, त्याच्याच हातात राहावा.