नऊ महिन्यांची अट : गिरणगावातील बाळंतपणाच्या हक्काचा इतिहास

नोकरीशी जोडलेल्या प्रत्येक संरक्षण-योजनेत, मग तो गिरणीतील बाळंतपणाचा भत्ता असो, कामगार राज्य विमा असो किंवा आजच्या कंपन्यांचा सामूहिक आरोग्य विमा असो, एक प्रश्न उघडपणे वा आडून विचारला गेला आहे, आणि तो म्हणजे कामावर रुजू होताना ही स्त्री आधीच गरोदर होती काय. कायद्यात हा प्रश्न या शब्दांत कधीच लिहिला गेला नाही. तो ‘पात्रता-काळ’ म्हणजे लाभ मिळण्याआधी भरावी लागणारी नोकरीची किमान मुदत, किंवा ‘प्रतीक्षाकाळ’ म्हणजे विमा सुरू होऊनही दावा करता न येण्याची मुदत, अशा अटींच्या आड राहिला. परळ, लालबाग, लोअर परळ आणि दादर या पट्ट्यात या अटींचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास सापडतो, आणि तो बारकाईने पाहिला असता हक्क कोणाला मिळाला याइतकेच तो कोणाला नाकारला गेला हेही स्पष्ट होते.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती, त्या काळातील निर्वाहाची रक्कम आणि वैद्यकीय मदत द्यावी असा ठराव संमत केला, आणि ही रक्कम सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावी असे त्यात म्हटले होते. त्यानंतर मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरकडून गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करवून घेतली आणि तिचा अहवाल १९२२ साली ‘लेबर गॅझेट’मध्ये छापला. एका खोलीत अनेक माणसे राहणारी चाळ, मजुरी बुडू नये म्हणून दिवस भरेपर्यंत सुरू राहणारे काम आणि आई गिरणीत असताना तान्ह्या मुलाने झोपून राहावे म्हणून त्याला दिली जाणारी अफूची गोळी, हे सारे त्या पाहणीने सरकारी कागदावर आणले. शहरातील बालमृत्यूचे प्रमाण १९२१ साली दर हजारी सहाशेच्या वर नोंदले गेले होते. अनेक बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात आणि तिथे जन्मलेली मुले मुंबईच्या जन्मनोंदीत येत नसत, त्यामुळे हा आकडा काहीसा फुगलेला होता हे खरे, तरी ही दुरुस्ती करूनही उरणारे चित्र भयंकरच राहते.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक आणले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. प्रांतिक पातळीवरचा प्रयत्न मात्र यशस्वी झाला. मुंबई कायदे कौन्सिलात सभासद आसवले यांनी मांडलेल्या विधेयकाला जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि त्या वेळी मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून चाललेल्या सार्वत्रिक संपाने बंद होत्या, ही गोष्ट विसरता येणार नाही. परळच्या बी. आय. टी. चाळीत राहणाऱ्या आंबेडकरांना ज्या बायकांविषयी बोलायचे होते त्या परक्या नव्हत्या. त्यांचा युक्तिवाद असा होता की आईला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने तिचा भार मुळात सरकारने उचलला पाहिजे. परंतु तसे होत नाही तोवर जो मालक स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने तो सोसणे न्याय्यच आहे. यातून १९२९ चा मुंबई मातृत्व लाभ कायदा झाला. अशा प्रकारचा हिंदुस्थानातील हा पहिला कायदा होय, आणि त्याने शहरातील गिरणी कामगार स्त्रीला रजेच्या काळात दिवसाला आठ आणे देण्याचे बंधन मालकावर घातले.

या कायद्याचे मोठेपण मान्य करूनही त्यातील पात्रतेच्या अटीपाशी थांबावे लागते. १९३४ च्या दुरुस्तीनंतर ही अट अशी होती की स्त्रीने प्रसूतीची नोटीस देण्याच्या लगेच आधीचे नऊ महिने ज्या मालकाकडून भत्ता मागायचा त्याच्याच कारखान्यात काम केलेले असले पाहिजे. आणि नोटीस देताना तिला पुढच्या महिन्याभरात आपण बाळंत होऊ असे सांगायचे होते. हे नऊ महिने आणि त्यापुढचा तो महिना एकत्र धरले की अटीचा अर्थ उघड होतो. पोटात गर्भ असताना जी कामाला लागली ती हिशेबातून जवळपास आपोआप बाहेर पडली, तिला कोणी काही विचारण्याची गरजही उरली नाही. शिवाय ‘त्याच कारखान्यात’ या शब्दांनी लालबागची गिरणी सोडून परळच्या गिरणीत गेलेली बाई नव्याने शून्यावर आली, आणि कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी भरली जाणारी ‘बदली’ कामगार स्त्री सलग नऊ महिने दाखवणार तरी कशी, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. वाइंडिंग व रिळिंग खात्यांत बायकांची भरती मुकादम किंवा बायकांवर देखरेख करणारी नायकीण यांच्या हातात होती. त्यांच्या मर्जीवर टिकणाऱ्या नोकरीत सलग सेवेचा कागदी पुरावा हीच मोठी गोष्ट होती.

भत्त्याचा सारा बोजा एकेका मालकावर टाकल्याचा आणखी एक परिणाम झाला. रेगे समितीने, म्हणजे १९४४ ते १९४६ या काळात देशभरातील कामगारांची स्थिती तपासणाऱ्या चौकशी समितीने, असे नोंदले की गरोदरपणाची पहिली चिन्हे दिसताच स्त्रियांना कामावरून दूर करण्याची आणि अविवाहित, विधवा किंवा मूल होण्याचे वय उलटलेल्या स्त्रियाच घेण्याची प्रवृत्ती मालकांमध्ये आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढच्या दशकांत तो सतत घटत गेला. यंत्रांची फेररचना आणि रात्रपाळीवरील बंदी ही त्याची मोठी कारणे असली, तरी भत्ता चुकवण्याची ओढ त्यात मिसळलेली होती, हे नाकारणे कठीण आहे.

पैशाच्या या हक्काशेजारी उपचाराची वेगळी परंपरा उभी राहत होती, आणि ती जास्त उदार होती. परळला १९२६ साली सुरू झालेले नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि त्याच वर्षीचे के. ई. एम. रुग्णालय यांच्या दारात आलेल्या बाईला आधी किती महिने कुठे काम केले, हे सिद्ध करावे लागत नव्हते. सेवा आणि रोख रक्कम यांच्यातील हाच भेद १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने वेगळ्या रीतीने स्वीकारला. मालक आणि कामगार या दोघांच्या वर्गणीतून चालणारी ही योजना मुंबईत १९५४ साली आली. वर्गणी सामाईक निधीत जात असल्याने एखाद्या स्त्रीचे बाळंतपण एकट्या मालकाच्या खिशाला भारी पडणे संपले, ही तिची खरी कामगिरी. विमाधारक स्त्रीला वैद्यकीय सेवा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळते, मग ती कितव्या महिन्यात असो. रोख प्रसूती-लाभासाठी मात्र ठरावीक दिवसांची वर्गणी लागते, आणि प्रथमच विमाधारक झालेल्या व्यक्तीचा पहिला लाभ-काळ रुजू झाल्यापासून नऊ महिने उलटल्यावरच सुरू होतो. हा नियम आजारपणाच्या भत्त्यालाही लागू असल्याने तो गर्भवतीला डोळ्यांसमोर ठेवून केलेला नाही. परंतु तिच्या बाबतीत त्याचा परिणाम जुन्या अटीसारखाच होतो.

१९६१ च्या केंद्रीय मातृत्व लाभ कायद्याने पात्रतेसाठी प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत १६० दिवसांचे काम मागितले होते; १९८८ च्या दुरुस्तीने ते ८० दिवसांवर आणले. या एका बदलाने चौथ्या महिन्यात नोकरी धरलेली स्त्रीही हक्काच्या कक्षेत आली, आणि तरीही २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली तेव्हा झालेल्या गाजावाजाच्या मानाने या दुरुस्तीची आठवण फारशी काढली जात नाही.

याच सुमारास, १९८६ साली, चर्चगेट येथे मुख्यालय असलेल्या भारतीय साधारण विमा निगमाच्या कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ ही रुग्णालय-खर्चाची पॉलिसी आणली. वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपण वगळलेले होते. कर्मचाऱ्यांच्या सामूहिक पॉलिसीत ते जादा हप्ता भरून जोडता येई, आणि तिथेही प्रतीक्षाकाळ नऊ महिन्यांचाच ठरला. विमाशास्त्राची भूमिका अशी की जी घटना घडणार हे आधीच ठाऊक आहे तिचा विमा होऊ शकत नाही. एकेकट्या ग्राहकाच्या बाबतीत हे म्हणणे समजण्यासारखे आहे, पण शेकडो कर्मचाऱ्यांची पॉलिसी एकत्र उतरवली जाते तेव्हा त्यांतल्या काही जणी गरोदर असणार हे हप्ता ठरवतानाच गृहीत धरता येते, आणि म्हणूनच मोठ्या कंपन्या जादा हप्ता देऊन ही नऊ महिन्यांची अट काढून टाकू शकतात आणि अनेकदा काढतातही.

गिरण्यांच्या जागी लोअर परळला उभ्या राहिलेल्या कार्यालयांत आज या दोन्ही पद्धती एकाच छताखाली चालतात. अट माफ केलेल्या पॉलिसीत गरोदर असताना रुजू झालेल्या अधिकारी स्त्रीच्या प्रसूतीचा खर्च पहिल्या दिवसापासून विम्यात येतो आणि ८० दिवस भरले की तिला पगारी रजाही मिळते. त्याच इमारतीत कंत्राटदाराकडून सफाईच्या कामाला लागलेली, महिना २१,००० रुपयांच्या मर्यादेत वेतन असलेली स्त्री कामगार राज्य विम्यात येते, तिला परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात उपचार मिळू शकतात, पण पहिल्या नऊ महिन्यांत बाळंत झाल्यास रोख लाभाचा एकही रुपया तिच्या हाती पडत नाही.