स्तनदा माता आणि कच्ची मासळी : धोका नेमका कशात?

नाशिक : बाळंतीण बाई म्हटली की घराघरांत पथ्याची यादी सुरू होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी आणि मांसाहारी घरांत माशाचे कालवण. या यादीत आता एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांमुळे सुशी, साशिमी यांसारखे कच्च्या मासळीचे जपानी पदार्थ ओळखीचे झाले आहेत. गरोदरपणात वर्ज्य असलेले हे पदार्थ बाळाला अंगावर पाजत असताना खावेत काय, अशी विचारणा तरुण माता करू लागल्या आहेत. त्याचे उत्तर सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही.

गरोदरपण आणि स्तनपान यांतील फरक

गरोदरपणात कच्ची मासळी टाळण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे लिस्टेरिया हा जिवाणू. तो वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो व गर्भपात, अकाली प्रसूती यांसारखे गंभीर परिणाम घडवू शकतो. प्रसूतीनंतर हा मार्ग बंद होतो. अन्नातून झालेल्या पोटाच्या संसर्गाचे जंतू सहसा आईच्या आतड्यातच राहतात, दुधात उतरत नाहीत. त्यामुळे स्तनदा मातेने कच्ची मासळी खाल्ली म्हणून बाळाला थेट बाधा होण्याची शक्यता अत्यल्प असते.

याचा अर्थ धोका नाही असा मात्र नव्हे. तो आईला असतो. रात्रीचे जागरण आणि बाळंतपणाचा अशक्तपणा यांत जुलाब-उलट्यांची भर पडली, की शरीरातील पाणी कमी होते आणि दूध पाजणे कठीण होऊन बसते.

नाशिकपुढील खरी अडचण

नाशिक समुद्रापासून दूर आहे. येथे येणारी समुद्री मासळी मुख्यतः मुंबई व किनारपट्टीच्या बंदरांवरून बर्फात भरून, कसारा घाट चढून येते. बंदर, ट्रक, घाऊक बाजार, किरकोळ विक्रेता आणि स्वयंपाकघर या साखळीत कोठेही बर्फ वितळला, तरी जिवाणूंची वाढ सुरू होते. उष्ण समुद्रात आढळणारा 'व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस' हा जिवाणू कच्च्या मासळीतून होणाऱ्या जुलाबांचे एक मोठे कारण आहे. त्याचा जगभर पसरलेला एक प्रकार १९९६ साली कोलकात्यात प्रथम ठळकपणे नोंदला गेला होता.

बाजारातील ताजी मासळी ही शिजवून खाण्यासाठी असते. डोळे चकचकीत आणि कल्ले लालबुंद असले, म्हणजे ती कच्ची खाण्यास योग्य ठरते असे नाही. त्यामुळे बाजारातून आणलेल्या सुरमईची वा रावसाची घरी सुशी करण्याचा प्रयोग करू नये.

गोठवण्याचे गणित

कच्च्या मासळीत 'अनिसाकिस'सारखे कृमी असू शकतात. ते मारण्यासाठी मासळी उणे २० अंश सेल्सिअस तापमानात सलग ७ दिवस ठेवावी, किंवा उणे ३५ अंशांवर पूर्ण गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावी, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. घरगुती फ्रीजचा बर्फाचा कप्पा या तापमानाला खात्रीने पोहोचत नाही. शिवाय गोठवल्याने कृमी मरतात. जिवाणू आणि विषाणू मरतातच असे नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा वासाबी यांवर तर मुळीच विसंबू नये. लिंबाने मासा पांढरा पडतो, शिजत नाही.

हे कच्चे कधीच नको

कालवे, तिसऱ्या व अन्य शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात. सांडपाण्यातील काविळीचा 'अ' विषाणू आणि नोरोव्हायरस त्यांच्या शरीरात साठू शकतात. त्यामुळे ते कच्चे खाणे स्तनदा मातेने टाळावे.

गोड्या पाण्यातील मासळीबाबतही तोच नियम. गंगापूर धरणातील असोत वा गोदावरीतील, रोहू, कटला, मृगळ हे मासे शिजवूनच खावेत. पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा परिसरात मिळणारे खेकडे अर्धवट भाजून खाऊ नयेत. गोड्या पाण्यातील खेकड्यांतून फुप्फुसातील कृमीचा विकार होऊ शकतो. त्याची लक्षणे क्षयासारखी असल्याने निदानही चुकते.

शिजवूनही न जाणारा पारा

बाळाच्या दृष्टीने कच्चे की शिजलेले यापेक्षा मासा कोणता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मोठ्या, दीर्घायुषी, शिकारी माशांच्या शरीरात मिथिल पारा साठतो. तो काही प्रमाणात आईच्या दुधात उतरतो आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला अपायकारक ठरू शकतो. शिजवल्याने, तळल्याने किंवा गोठवल्याने तो नाहीसा होत नाही.

येथे एक जुनी समजूत तपासून पाहावी लागते. कोकणात दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला मोरीचे, म्हणजेच मुशीचे कालवण देतात. तमिळनाडूतही अशीच समजूत असून तेथील 'पाल सुरा' या नावाचा अर्थच 'दुधाचा मुशी' असा आहे. इंग्रजीतील 'मिल्क शार्क' हे नावही याच भारतीय समजुतीवरून आले. परंतु मुशी हा शार्कच. अमेरिकी यंत्रणा गरोदर व स्तनदा मातांना शार्क पूर्णपणे टाळण्यास सांगतात, तर ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा स्तनदा मातांना आठवड्यातून फार तर एक वाटा चालेल असे म्हणते. दूध वाढते ते मुख्यतः बाळाला वारंवार पाजल्याने. सासर-माहेरच्या प्रेमाने आलेले कालवण नाकारण्याची गरज नाही. फक्त मोरीच्या जागी मांदेली किंवा तारली असावी, एवढेच सांगावे.

तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी ही लहान व अल्पायुषी मासळी पाऱ्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. तारली आणि बांगड्यातील ओमेगा-३ स्निग्धाम्ले बाळाच्या मेंदू व दृष्टीच्या वाढीस उपयुक्त असतात. अमेरिकी मार्गदर्शनानुसार कमी पाऱ्याची मासळी आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम खाता येते. बांगडा व कुपा मात्र बर्फाविना राहिलेले घेऊ नयेत. त्यांत तयार होणारे हिस्टामाइन शिजवूनही जात नाही आणि अंगावर पित्त, डोकेदुखी असा त्रास होतो.

उपाहारगृहात जाताना

* अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक दर्शनी भागात आहे का, ते पाहावे.
* कच्च्या पदार्थांची मासळी कृमिनाशासाठी गोठवलेली आहे का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर गुळमुळीत वाटल्यास शिजवलेली कोळंबी, खेकडा किंवा काकडीची सुशी मागवावी.
* कोमट झालेला किंवा घरपोच येण्यास उशीर झालेला कच्चा पदार्थ खाऊ नये.
* यकृताचा विकार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असल्यास कच्ची मासळी टाळावी.
* बाळ अपुऱ्या दिवसांचे वा आजारी असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

त्रास झालाच तर

जुलाब-उलट्या सुरू झाल्यास स्तनपान थांबवू नये. आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे दुधावाटे बाळाला संरक्षण देतात. मात्र शौचानंतर व बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण बाळाला संसर्ग होतो तो दुधापेक्षा हातांवाटे. जलसंजीवनी थोडी थोडी, वारंवार घ्यावी. जास्त ताप, शौचात रक्त, पाणीही न टिकणे, लघवी कमी होणे किंवा बाळ सुस्त वाटणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे आणि औषध घेताना आपण बाळाला अंगावर पाजत आहोत, हे आवर्जून सांगावे.