भंडाऱ्याचा कोसा आणि हाड जोडणारे जेल

१/ भंडारा म्हटले की तलाव, भात आणि पितळेची भांडी आठवतात. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव मात्र कोशाच्या वस्त्रांसाठी ओळखले जाते. तुटलेले हाड भरून काढण्याच्या आधुनिक संशोधनात याच रानरेशमाचे नाव येते. आजचा धागा खऱ्याखुऱ्या धाग्याविषयी.

२/ प्रारंभीच एक खुलासा. ‘आपले पूर्वज कोशाने हाडे जोडत’ असा संदेश कुणी पाठवला तर विश्वास ठेवू नका. खरा इतिहास वेगळा आहे, आणि अधिक रंजकही.

३/ १९६५. लॉस एंजेलिसचे अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने खनिजे काढून टाकलेले हाड सशाच्या स्नायूत ठेवले. जिथे हाड असण्याचे कारणच नाही, तिथे नवे हाड तयार झाले! म्हणजे हाडातच वाढीचा काही संदेश दडलेला होता.

४/ त्या संदेशवाहक प्रथिनांना पुढे ‘बीएमपी’ हे नाव मिळाले. १९८८ मध्ये त्यांची जनुके हाती आली. २००२ मध्ये अमेरिकेत पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेसाठी बीएमपी-२ ला मान्यता मिळाली. ते कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून बसवत.

५/ अडचण इथेच होती. स्पंजातून प्रथिन लवकर निसटते, म्हणून मात्रा मोठी द्यावी लागते. मानेच्या शस्त्रक्रियांत घशाला जीवघेणी सूज आल्याने २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला. औषध सापडले होते. ते सावकाश पोहोचवणारे वाहन हवे होते.

६/ म्हणून विघटनशील जेल. ते जखमेतील पोकळी भरते, ग्रोथ फॅक्टर हळूहळू सोडते आणि नवे हाड येईतो स्वतः विरून जाते. रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून असे जेल बनते. शरीरातील विकरे त्याचे सावकाश तुकडे करतात.

७/ प्रयोगशाळेतील पहिली पायरी कोणती? कोश सोडियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे धुण्याच्या सोड्यात, उकळून त्यावरील डिंक काढणे. क्षारात कोश उकळल्याशिवाय धागा सुटत नाही, हे विणकरांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

८/ अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथील फायब्रॉइनवरील काम प्रामुख्याने तुतीच्या रेशमावर झाले. आपला कोसा निराळा. त्याची अळी ऐन-अर्जुनाच्या पानांवर उघड्या रानात वाढते. ती जोपासण्यात ढिवर समाजाचे कौशल्य मोठे.

९/ कोशाच्या फायब्रॉइनमध्ये तीन अमिनो आम्लांची एक विशिष्ट साखळी असते. पेशी तिला धरून राहतात. तुतीच्या फायब्रॉइनमध्ये ती नाही. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या गटाने या रानरेशमाचा सखोल अभ्यास केला.

१०/ मग कोशाचे जेल रुग्णालयात का दिसत नाही? तुतीचे रेशीम विरघळवणाऱ्या लिथियम ब्रोमाइडला कोसा सहजी दाद देत नाही. त्यामुळे संशोधकांना अळीच्या रेशीमग्रंथीतूनच प्रथिन काढावे लागले. जो चिवटपणा वस्त्राचा गुण, तोच इथे अडसर.

११/ कोशाने अजून भंडाऱ्यातील कुणाचे हाड जोडलेले नाही. उद्या जोडले, तर श्रेय युरिस्टच्या सशाला आणि प्रयोगशाळांना मिळेलच. पण ऐनाच्या झाडाखाली अळ्या राखणारा आणि चुलीवर कोश उकळणारी यांचीही नोंद त्या इतिहासात असावी. ती आत्ताच करून ठेवू.