पहिला अर्ज एकटीचा, दुसरा पाच जणींचा

मंडळी, नीटचा निकाल लागला की आपल्या घरांतून एक शब्द हमखास ऐकू येतो, ‘ड्रॉप’. बडोदा असो, इंदूर असो की बेळगाव, दृश्य साधारण सारखंच. पोर खोलीतून बाहेर येत नाही, आजी नवस बोलते, काका म्हणतात बी.फार्म घेऊन टाक, आणि आई हळूच कोचिंगच्या फीची चौकशी करते. पुन्हा अर्ज करायचा म्हणजे गेल्या वर्षीचंच सगळं दुप्पट जोर लावून करायचं, असं आपण धरूनच चालतो.

आज सांगायची आहे ती दीडशे वर्षांपूर्वीच्या अशाच एका दुसऱ्या अर्जाची हकीकत. ती घडली स्कॉटलंडमधल्या एडिंबरात. पण तिचं एक टोक आमच्या बडोद्याहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर, सुरतेत आहे.

सोफिया जेक्स-ब्लेक ही इंग्रज बाई. अमेरिकेत बोस्टनच्या एका स्त्रियांच्या इस्पितळात तिने काम केलं आणि तिथेच डॉक्टर व्हायचं मनाने घेतलं. १८६७ मध्ये तिने हार्वर्डकडे अर्ज केला. उत्तर आलं की या विद्यापीठात स्त्रियांच्या शिक्षणाची सोयच नाही. पुढे वडील वारले आणि ती इंग्लंडला परतली. १८६९ च्या मार्चमध्ये तिने एडिंबरा विद्यापीठाचं दार ठोठावलं. वैद्यक शाखेच्या प्राध्यापकांनी बहुमताने होकार दिला, पण वरच्या मंडळाने अर्ज फेटाळला. कारण काय, तर एका बाईसाठी वेगळी व्यवस्था करणं विद्यापीठाला परवडणारं नाही.

इथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. रडत घरी जाणं ही एक, आणि पुढच्या वर्षी तोच अर्ज पुन्हा पाठवणं ही दुसरी. सोफियाने नकाराचं कारण पुन्हा नीट वाचलं. अडचण तिच्या अभ्यासाची नव्हती, ती एकटी असण्याची होती. मग एकटी राहायचंच नाही! ‘द स्कॉट्समन’ आणि इतर वर्तमानपत्रांतून तिने जाहीर केलं की, कुणाला वैद्यक शिकायचं असेल तर माझ्याबरोबर या. त्याच उन्हाळ्यात दुसरा अर्ज गेला तो पाच जणींच्या नावाने. या वेळी होकार आला. लवकरच आणखी दोघी मिळाल्या आणि सात झाल्या. इतिहासात त्यांना ‘एडिंबरा सेव्हन’ म्हणतात.

त्या पाचांतली एक होती ईडिथ पीची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिने सोफियाला पत्र लिहून विचारलं होतं की, बेताची बुद्धी आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर हे जमेल का? १८७० च्या रसायनशास्त्राच्या परीक्षेत याच ‘बेताच्या’ बुद्धीच्या मुलीने पहिल्यांदाच बसलेल्या सगळ्यांत वरचा नंबर काढला. त्या नंबरावर मिळणारी होप शिष्यवृत्ती मात्र तिच्या खालच्या मुलाला दिली. कारण सांगितलं की मुलींचा वर्ग वेगळा भरतो. तो वेगळा भरवायची अट विद्यापीठाचीच, त्यापायी जादा फी भरत होत्या त्या मुलीच!

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला शरीररचनेच्या परीक्षेला निघालेल्या या मुलींना सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने अडवलं, चिखल फेकला. परीक्षा चालू असताना हॉलमध्ये चक्क एक मेंढी सोडली. शेवटी १८७३ मध्ये कोर्टाने निकाल दिला की विद्यापीठाला स्त्रियांना घेण्याचा अधिकारच नव्हता. म्हणजे दुसऱ्या अर्जाला मिळालेला होकारही पदवीपर्यंत पोचला नाही.

मग त्यांनी दार बदललं. १८७४ मध्ये सोफियाच्या पुढाकाराने लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यक शाळा निघाली. १८७६ मध्ये कायदा झाला आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना स्त्रियांना डॉक्टरीचा परवाना देण्याची मुभा मिळाली. १८७७ मध्ये सोफिया आणि ईडिथ दोघींनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथून एम.डी. घेतली आणि त्याच वर्षी डब्लिनहून परवाना. पहिल्या नकारापासून आठ वर्षं गेली होती.

आता आपल्याकडे येऊ. ईडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईला आल्या. स्त्रियांसाठी उभ्या राहणाऱ्या कामा हॉस्पिटलची वैद्यकीय जबाबदारी त्यांच्याकडे होती. याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला होता. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड होऊन प्रकरण मिटलं. त्यांचे सावत्र वडील सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर होते, पण ते १८८५ मध्येच वारले होते. रखमाबाईंनी डॉक्टर व्हावं म्हणून ज्यांनी उत्तेजन दिलं, पैशाची जुळवाजुळव केली, त्यांत डॉ. पीची होत्या. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या त्याच शाळेत दाखल झाल्या. १८९४ मध्ये शिक्षण पुरं करून त्या परतल्या आणि लवकरच सुरतेला रुजू झाल्या. वीसहून जास्त वर्षं त्यांनी तिथे बायकांवर उपचार केले, मग राजकोटला काम केलं.

म्हणजे बघा, एडिंबराच्या वर्तमानपत्रातल्या त्या निवेदनातून पीची पुढे आल्या आणि पीचींच्या आधाराने रखमाबाई. गुजरातेतल्या कितीतरी बाळंतिणींपर्यंत तो दुसरा अर्ज असा पोचला.

यातून आपल्या पोरांसाठी घ्यायचं ते एवढंच: पुन्हा अर्ज करण्याआधी पहिला नकार समोर ठेवून वाचा. फिजिक्सचे गुण कमी पडले, कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना चूक झाली, की रहिवासाचा दाखला अडला? प्रत्येकाचं औषध वेगळं. आपण महाराष्ट्राबाहेरची माणसं. सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के अखिल भारतीय, त्यामुळे दहावी-बारावी कुठून केली, कागद कुठल्या राज्याचे, यावर बरंच ठरतं. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात काही जागा राखीव असतात, त्याचीही माहिती वेळेत काढावी. २०१७ पासून नीट मराठीतून देता येते आणि २०२२ मध्ये वयाची वरची अटही निघाली. तेव्हा निदान वय सरलं म्हणून कुणी खचू नये.

आणि एक. त्या सातही जणी डॉक्टर झाल्या नाहीत. इझाबेल थॉर्न यांनी स्वतःची पदवी बाजूला ठेवली आणि लंडनच्या शाळेचं मानद सचिवपद सांभाळलं. त्यांनी चालवलेल्या शाळेतूनच रखमाबाई शिकल्या. ड्रॉपचं वर्ष संपून पोराने दुसरी वाट धरली तर घरात सुतक धरायचं कारण नाही.

६ जुलै २०१९ रोजी एडिंबरा विद्यापीठाने त्या सात जणींना मरणोत्तर पदवी दिली. आजच्या विद्यार्थिनींनी त्यांच्या वतीने ती स्वीकारली.

सुरत-बडोद्याकडच्या मराठी घरांत रखमाबाईंच्या हातून औषध घेतलेल्या कुणा पणजीची आठवण टिकून असेल तर जरूर लिहा. अशा आठवणी सांगणारी माणसं आता फार उरली नाहीत.