केमो संपली, आता पूर्ण आराम? एका जुन्या सल्ल्याचा इतिहास

"डॉक्टर, केमो संपली. आता वर्षभर पूर्ण आराम ना?" हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात, आणि काळजीपोटीच विचारतात. पण हाच 'पूर्ण आराम' एके काळी हृदयरोग्यांना महागात पडला होता. तो सल्ला कसा बदलला ते पाहू.

अंथरूण ते आरामखुर्ची

१९४०च्या दशकापर्यंत हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. हृदयाची जखम भरेपर्यंत त्याला जराही ताण नको, असा समज होता. पण सतत पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात आणि त्यातच काही रुग्ण दगावत. अमेरिकेतील बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हाइन आणि डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि १९५२ साली ८१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

१९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवले, तेव्हा त्यांची शारीरिक क्षमता झपाट्याने घसरली. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयवाढीने झाली नव्हती एवढी घट त्या तीन आठवड्यांच्या आरामाने झाली होती! पुढे हार्ट अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम, आहार, औषधे आणि समुपदेशन असा कार्यक्रम रूढ झाला. त्यालाच 'कार्डियाक रिहॅब', म्हणजे हृदयाचे पुनर्वसन म्हणतात.

जीव वाचवणारे लाल औषध

बऱ्याच रुग्णांना 'लाल केमो' माहीत असते. ते औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. त्याचे मूळ इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूत आहे, आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला 'एड्रियामायसिन' हे नाव मिळाले. या औषधाने असंख्य रुग्ण वाचले. मात्र १९७९ साली सुमारे ४,००० रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की एकूण डोस वाढत जातो तसा हृदय कमकुवत होण्याचा धोकाही वाढतो. म्हणूनच आज एकूण डोसचा हिशेब ठेवतात आणि टू-डी इको करतात.

कॅन्सरच्या रुग्णांनाही तेव्हा आरामच सांगत. १९८०च्या दशकात अमेरिकेतील ओहायोमध्ये मेरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधिकेने केमो चालू असलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रियांना देखरेखीखाली व्यायामाची सायकल चालवायला दिली. त्यांची क्षमता घटण्याऐवजी वाढली. २०१९ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने कॅन्सरच्या रुग्णांसाठी हृदय-पुनर्वसनाचा आराखडा मांडला.

अंतराची अडचण

आठवड्यातून तीनदा केंद्रात जायचे कसे? यावरचा उपायही जुनाच आहे. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हार्ट अटॅकमधून सावरलेल्या, कमी धोका असलेल्या रुग्णांना घरीच व्यायाम दिला आणि त्यांचा ईसीजी टेलिफोनवरून मागवला. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: घरी आणि केंद्रात होणारा फायदा जवळपास सारखाच. २०२०च्या कोविडकाळात केंद्रे बंद पडली, तेव्हा व्हिडिओ कॉलवरचे पुनर्वसन अनेक ठिकाणी सुरू झाले.

घरी यंत्र नसले तरी चालते. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी १९६०च्या दशकात श्रम मोजण्याची ६ ते २० आकड्यांची पट्टी केली. तिच्यावर रुग्ण स्वतःच सांगतो, की किती दमल्यासारखे वाटते. त्याहून सोपी खूण म्हणजे चालताना बोलता यायला हवे, पण गाणे म्हणता येऊ नये.

मग आपण काय करायचे?

सुरुवात स्वतःच्या मनाने करू नका. आधी कॅन्सरतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारा: माझा इको कसा आहे? हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक आहेत का? कॅन्सर हाडांत पसरला आहे का? त्यावरून व्यायाम घरी करायचा की केंद्रात, हे ठरते. पहिले काही दिवस दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालणेही पुरेसे असते. छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर लगेच थांबा. त्रास थांबल्यावर कमी झाला नाही, तर तातडीने रुग्णालय गाठा. पायांवर सूज आली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

म्हणून त्या नातेवाइकांना माझे उत्तर असे असते: थकवा येईल तेव्हा विश्रांती जरूर द्या, पण वर्षभर झोपवून ठेवू नका. रोज त्यांच्यासोबत थोडे चाला.