विकीकडून गिटकडे : सामूहिक संहितेची पुष्पिका

एका संहितेला अनेक हात लागणे मराठी पाठचिकित्सेला नवे नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये (इ.स. 1584) ‘ज्ञानेश्वरी’ शुद्ध केली, पण कोणते पाठ टाकले याची यादी मागे ठेवली नाही, आणि अभ्यासकाच्या वाट्याला अनुमान आले. संगणकावरील सामूहिक लेखनात या अनुमानाची गरज उरणार नाही, अशी अपेक्षा होती.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिला विकी सुरू केला. कोणाही वाचकाने पान उघडावे, तेथेच मजकूर बदलावा. पुढे विकींनी जुने पाठ जपण्याची सोय केली, तरी त्यांचा क्रम एकरेषीयच राहिला. लायनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्ससाठी रचलेल्या गिटमध्ये मात्र पाठाला शाखा फुटतात, त्या समांतर नांदतात, पुन्हा एकत्रही येतात; प्रत्येक नोंद आपल्या पूर्वज-नोंदीची खूण बाळगते. सुकथनकरांनी महाभारताच्या पोथ्यांचा वंशवृक्ष पाठभेद ताडून सिद्ध केला. येथे तो लिहिता लिहिताच तयार होतो. (तो मागाहून नीटनेटका करून घेता येतो, हेही विसरू नये.) विशेष म्हणजे बदल करणारा आणि तो नोंदवून घेणारा अशी दोन नावे गिट स्वतंत्रपणे जपते. लेखकाच्या मृत्यूची चर्चा आपण पुष्कळ केली. संपादक मात्र असा मागच्या दाराने परतला आहे.

मोझिलाचा ‘एमडीएन’ हा वेबतंत्रविषयक दस्तऐवजसंग्रह डिसेंबर 2020 मध्ये विकी सोडून गिटवर गेला. जुन्या पानांचा पाठेतिहास नव्या भांडाराच्या वंशवृक्षात उतरला नाही. एका स्वतंत्र फाइलीत पानागणिक अखेरच्या बदलाची तारीख आणि सहभागी लेखकांची नावे तेवढी नोंदली गेली. पोथीच्या अखेरची पुष्पिकाच ही! नावे उरली, कोणती ओळ कोणाची, हे त्या भांडारातून कळत नाही.

नव्या व्यवस्थेत बदल स्वीकृतीपूर्वी तपासला जातो, त्यावरील चर्चा टिकते. समीक्षकाला हा लाभच आहे. पण स्थलांतराच्या वेळी इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील पाने गोठवण्यात आली, आणि 2021 पासून जी खुली झाली ती सांभाळणारा गट लाभलेल्या भाषांची. इतर भाषांत जाता जाता एखादा वाचक चुकलेला शब्द सुधारून जात असे. ती वाट तेथे बंद झाली.