लिनक्सवर डेस्कटॉप न उघडणे

लिनक्सवर चालणारा संगणक चालू होतो, पंखा फिरतो, क्षणभर बोधचिन्हही दिसते. पण लॉगिनचा पडदा किंवा त्यापुढचा डेस्कटॉप येत नाही, असा बिघाड. नुसता काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी आडवी रेघ, किंवा पासवर्ड देताच पुन्हा लॉगिनवरच येऊन थांबणे ही त्याची नेहमीची रूपे. यात संगणक बंद पडलेला नसतो. बहुतेक वेळा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ठणठणीत असतो, फाइली जागच्या जागी असतात, नेटवर्कही चालू असते; चित्र काढणारा प्रोग्राम तेवढा उभा राहिलेला नसतो. म्हणून सगळी डिस्क पुसून लिनक्स नव्याने बसवणे हा यावरचा लोकप्रिय उपाय क्वचितच गरजेचा असतो. (पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीत द्याव्या लागतात.)

असा अर्धवट बिघाड होऊ शकतो, याचे कारण लिनक्सने उचललेल्या युनिक्सच्या घडणीत आहे. तेथे खिडक्या दाखवण्याचे काम कर्नलकडे नसून वेगळ्या प्रोग्रामकडे असते. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीच्या अथेना प्रकल्पात सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. लिनक्स १९९१ चा, म्हणजे इथे पडदा घरापेक्षा जुना आहे. एक्सची जागा घेण्यासाठी क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड सुरू केले आणि २०१६ च्या फेडोरा २५ पासून ते डेस्कटॉपचा पहिला पर्याय म्हणून येऊ लागले. दोन्ही प्रकारांत साखळी तीच. फर्मवेअर ग्रब या बूटलोडरला उठवते, ग्रब कर्नलला, कर्नल बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीला. सिस्टिमडी लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर (जीडीएम, एसडीडीएम किंवा लाइटडीएम) सुरू करतो, आणि पासवर्ड जुळला की तो ग्नोम, प्लाझ्मा वगैरे डेस्कटॉपचे सत्र उघडून देतो. कडी कोणती तुटली हे कळले की निम्मे काम झाले.

ते कळण्याची पहिली कसोटी म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबणे. अक्षरी लॉगिन आले, तर कर्नलपर्यंत सगळे ठीक आहे. तेथे नाव-पासवर्ड देऊन ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’ विचारावे. ‘जर्नलसीटीएल -बी’ या आज्ञेने चालू वेळची, तर तिला -१ जोडून मागच्या वेळची नोंदवही वाचता येते. एक्सऑर्ग या एक्सच्या सर्व्हरची स्वतःची नोंदवहीही असते. तीत ‘ईई’ अशी खूण असलेल्या ओळी म्हणजे चुका. शेवटची ओळ बहुधा ‘एकही स्क्रीन सापडला नाही’ अशा अर्थाची असते आणि नवखा माणूस तीच धरून बसतो. ती परिणाम सांगते. कारण तिच्या वर चार-दहा ओळींत असते, म्हणून ही वही खालून वर वाचावी.

अक्षरी लॉगिनही येत नसेल, तर संशय ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर घ्यावा. संगणक चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आणावा, ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडावे आणि कंट्रोल-एक्सने पुढे जावे. २००९ पासून पडद्याचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम कर्नलने स्वतःकडे घेतले आहे; या शब्दाने त्याला ते करू नको असे सांगितले जाते. चित्र ओबडधोबड येते, पण येते. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. तो कायमचा करून ठेवणारे पुढे संगणक मंद झाल्याची तक्रार करतात.

एनव्हिडियाची कार्डे या बाबतीत विशेष बदनाम आहेत. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून या कंपनीला मधले बोट दाखवले होते. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला. अडचण अशी की हे मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागते. हेडर फाइली नसल्या तर बांधणी फसते. सिक्युअर बूट चालू असले आणि मॉड्यूलवर मान्य सही नसली तर कर्नल त्याला दारातच अडवतो. अपडेट तीन आठवड्यांपूर्वी झालेला असतो आणि संगणक मात्र आज प्रथमच बंद करून चालू केलेला असतो. म्हणून मालक शपथेवर सांगतो की मी काहीच बदललेले नाही. उबंटू-डेबियनमध्ये ‘एपीटी’ची हिस्टरी, फेडोरात ‘डीएनएफ हिस्टरी’ पाहिली की खरे काय ते समजते. तोवर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडावा. तो याचसाठी राखून ठेवलेला असतो.

पासवर्ड बरोबर, तरी फिरून लॉगिनवर, हा प्रकार सर्वांत चकवा देणारा, कारण येथे ड्रायव्हर बहुधा निर्दोष असतो. एक नवा युजर तयार करून पाहावा. तो आत गेला, तर दोष जुन्या युजरच्या होम फोल्डरात आहे. कधी ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा ‘सुडो’ लावून दिल्यामुळे त्यातील ‘एक्सऑथॉरिटी’ ही लपलेली फाइल रूटच्या मालकीची होऊन बसते. ती हटवली की सत्र उघडते. कधी ‘प्रोफाइल’ फाइलमध्ये चुकीची ओळ पडलेली असते. नवा युजरही परतला, तर ‘डीएफ -एच’ने डिस्क पाहावी. ईएक्सटी४ ही फाइल-व्यवस्था साधारणतः पाच टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवते. त्यामुळे भरलेल्या डिस्कवरही सिस्टिम उठते, पण सामान्य युजरला एक छोटी फाइलही लिहिता येत नाही आणि त्याचे सत्र जन्मतःच कोसळते. जागा दिसत असूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ने आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले आहेत का हेही पाहावे.

डेस्कटॉप मुळात शिल्लकच नाही, असेही घडते. २०२१ मध्ये कॅनडातील यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएसवर स्टीम बसवायला घेतले. पॅकेजांच्या गोंधळामुळे डेस्कटॉपच काढला जाणार होता, तशी सूचनाही पडद्यावर आली, आणि त्यांनी होकाराचे वाक्य टंकून पुढे जाऊ दिले. अशा वेळी नेटवर्क जोडून डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज पुन्हा बसवणे पुरते.

मराठीत संगणक वापरणाऱ्याला आणखी एक अडथळा येतो. कर्नलच्या अक्षरी पडद्यावर फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसते. सिस्टिमची भाषा मराठी असल्यास नेमका चूक सांगणारा संदेश चौकोनांच्या रांगेत उमटतो. आज्ञेआधी ‘लँग’ची किंमत ‘सी’ ठेवली की तो वाचता येण्याजोग्या इंग्रजीत येतो. ‘डेस्कटॉप’सारखे फोल्डरचे देवनागरी नाव तेथे टंकता येत नाही, पूर्ण नावाऐवजी तारांकन वापरून काम भागवावे लागते.